केसपेपरवरचा शिक्षणाचा रकाना

प्रिय डॉक्टर,

तुला असं पहिल्यांदाच लिहिते आहे. इंटर्नशिप संपली, आता पेशंटसमोर नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसणार नाही, म्हणून सवय करून घेते.

रविवारच्या शिबिराचा तुझा मेसेज वाचला. एका दिवसात त्रेचाळीस दात काढलेस, मनगट भरून आलं, जेवण चार वाजता झालं. हे सगळं आमच्याही वाट्याला आलेलं आहे. पण शेवटी तू लिहिलंस, "मॅडम, चार बुकं शिकले असते तर यांचे एवढे दात गेले नसते. लोक घासतच नाहीत." त्या ओळीपाशी मी अडकले. फोनवर बोलले असते तर "हो मॅडम" म्हणून तू मोकळी झाली असतीस. म्हणून हे पत्र.

चार बुकांचं तुझं म्हणणं आकडेवारीत बसतं, तेवढं आधी कबूल करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात साडेतीनशे कोटींच्या आसपास लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि साठीपुढच्या दर शंभरांत साधारण तेवीस जणांच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं आहे. कुणाचं झालंय हे शोधायला गेलं की बहुतेक देशांत कमी शिकलेल्यांचं जास्त. त्यातही गंमत अशी, की हा फरक अंगठेबहाद्दर आणि पदवीधर एवढाच नसतो. चौथीवाल्यापेक्षा दहावीवाल्याचे दात जास्त टिकतात, दहावीवाल्यापेक्षा पदवीधराचे. जिना असतो तो, पायरीपायरीने चढणारा.

तू म्हणशील, शिकलेल्या घरात पैसाही असतो, मग शिक्षणाचा वाटा किती आणि पैशाचा किती? रास्त शंका आहे. तिचं एक छान उत्तर इंग्लंडात सापडतं. तिथे शाळा सोडायचं किमान वय १९४७ साली १४ वरून १५ केलं आणि १९७२ मध्ये १५ वरून १६. घर तेच, गल्ली तीच, पण कुणी थोडं आधी जन्मलं म्हणून सुटलं आणि कुणी थोडं उशिरा जन्मलं म्हणून आणखी वर्षभर बाकावर बसलं. ही मुलं उतारवयाला लागल्यावर मात्सुयामा, युर्गेस आणि लिस्टल या तिघा संशोधकांनी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला: कायद्याने जास्त शिकावं लागलेल्यांत सगळे दात जाण्याचं प्रमाण कमी.

आता तूच सांग, त्या वाढीव वर्षात मास्तरांनी ब्रश कसा धरायचा ते शिकवलं असेल का? बीजगणित शिकवलं असेल, फार तर सुतारकाम. तरी दात वाचले. म्हणजे तुझं "घासतच नाहीत" त्यात कुठे बसतं?

माझ्या मते त्या वर्षाने बहुतेकांना जरा बरी नोकरी दिली असेल. बऱ्या नोकरीत भरपगारी रजा असते, अपॉइंटमेंटला जाता येतं. फॉर्म भरताना हात थरथरत नाही. डॉक्टरने "काढावा लागेल" म्हटलं की "दुसरा काही उपाय नाही का?" एवढं विचारायची हिंमत येते. तीस वर्षं खुर्चीशेजारी उभी राहिल्यावर सांगते, दात वाचवणारा सगळ्यांत मोठा प्रश्न तो एवढाच आहे, आणि तो विचारणारा पेशंट बहुतेक वेळा शिकलेला असतो.

आता आपल्या बीडकडे ये.

पाचसहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. वय पस्तीसेक. खालची दाढ किडलेली, रात्रभर ठणकत होती. लवंगेचं तेल झालं होतं, तंबाखूचा बार धरून झाला होता. दाढ वाचण्यासारखी होती. मी रूट कॅनॉल सांगितलं: तीन खेपा, मग कॅप. तिने शांतपणे ऐकलं आणि बोटांवर मोजायला लागली. गाव ते दवाखाना जीपचं भाडं गुणिले तीन, बुडालेला रोज गुणिले तीन, वर कॅपचे पैसे. टोळी आठ दिवसांत निघणार. उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचा खाडा झाला तर दंड दोघांच्या हिशोबातून. "आन् कारखान्यावर पुन्हा ठणकली तर कुठं दाखवू मॅडम? काढूनच टाका."

शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई. हिशोब मी मनात पुन्हा करून पाहिला, एका रुपयाची चूक नव्हती. पाच महिन्यांच्या हंगामात दाढ दुखण्याची जोखीम तिला परवडत नव्हती. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, शासनाने समिती नेमली. ती बातमी वाचताना मला हीच बोटं आठवली. दुखणारा अवयव हंगामाआधी काढून टाकायचा. दाढ त्यातली सगळ्यांत स्वस्त.

तू काढलेल्या त्रेचाळिसांत अशा किती होत्या, तुला माहीत आहे का? शिबिराच्या कागदावर दाताचा नंबर असतो आणि "एक्स्ट्रॅक्शन" असतं. का काढला, हे नसतं.

आता माझी एक चूक सांगते. कॉलेजात शिकवताना कधी सांगितली नाही, लाज वाटायची. प्रॅक्टिसचं दुसरं की तिसरं वर्ष. एकाच सकाळी दोन बायका आल्या. एक शाळामास्तरांची बायको, दुसरी भाजी विकणारी. दोघींचीही तीच दाढ, जवळपास तेवढीच कीड. मास्तरीणबाईंना मी एक्सरे दाखवला, कागदावर दाढेचं चित्र काढलं, नस कुठे असते ते सांगितलं, हप्त्यांचंही बोलले. भाजीवालीला सांगितलं, "काढावी लागेल." तिनेही मान डोलावली. मी भूल दिली, दाढ काढली, कापूस दाबायला दिला, "गरम खाऊ नका, थुंकू नका" एवढं सांगून पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी ती मुलाला घेऊन आली. बाकावर बसल्या बसल्या त्या दिवशीचं आमचं बोलणं तिने ऐकलेलं होतं. म्हणाली, "मॅडम, त्या बाईला सांगितलं ते मला कामून नाही सांगितलं?"

आवाज चढवला नाही तिने. मी काहीतरी उत्तर दिलं, "तुमची जास्त किडली होती" असलं. खोटं होतं ते. खरं हे, की तिची टोपली आणि लुगडं बघून "हिला परवडणार नाही, हिला कळणार नाही" हे मीच ठरवून टाकलं होतं. पुढे कळलं, तिचा महिन्याचा गल्ला मास्तरांच्या पगाराला मागे टाकणारा होता.

केसपेपरवर नाव, वय, पत्ता आणि मग शिक्षणाचा रकाना असतो ना? आपण समजतो तो पेशंटविषयी आहे. त्या दिवसापासून मला तो डॉक्टरविषयी वाटतो. "निरक्षर" वाचलं की आपलं बोलणं किती मिनिटांनी आखूड होतं, एकदा घड्याळ लावून बघ.

मिश्रीबद्दलही तू रागाने लिहिलंयस. राग समजतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले दर शंभर प्रौढांमागे चोवीसहून अधिक जण धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीला बंदी कोण घालणार? ती चुलीवर होते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. त्या वासाने शेजारच्या घरातलं लेकरू खोकतं. पण कुठल्याही बाईला विचार, पहिल्यांदा कधी लावली? दहातल्या निम्म्या सांगतील, दाढ दुखत होती, सासूने लावायला दिली, बधिर झालं, बरं वाटलं. आधी दुखणं आलं, व्यसन मागून. दवाखाना लांब होता आणि डबी कोनाड्यात होती. पुढे हिरड्या खाली सरकल्या, मुळं उघडी पडली, थंड लागायला लागलं, मग पुन्हा मिश्री. तिला "सोडा" म्हणताना दुखण्याचं आधी काय करणार ते सांगितलं नाहीस, तर ती मान डोलावून घरी जाईल आणि डबी उघडेल. डाग नुसता काळा आहे की कॅन्सरची शंका घ्यावी असा पांढरा-लाल चट्टा आहे, हे गाल ओढून बघत जा, तेवढं मात्र कधीही विसरू नकोस.

"घासता का?" हा प्रश्न सोडून दे. त्याचं उत्तर सगळे "हो" देतात. "उद्या-परवा येता येईल का, येण्यात अडचण काय आहे?" हे विचार. एकदम वेगळी माहिती हाती येते. पर्याय सगळ्यांना सगळे सांग, त्याच वेगाने, हातात आरसा देऊन. मग निवडू दे. काढायचं म्हणाली तरी तो निर्णय तिचा झाला. आणि एक वही ठेव: काढलेल्या प्रत्येक दातापुढे कारण. कीड, हिरडी, पैसे नव्हते, वेळ नव्हता, मी सांगितलंच नाही. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भर.

लेकरांच्या बाबतीत तर एक साधी गोष्ट आहे आणि तिच्यापायी मी आयुष्यभर चिडत आले आहे. सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. म्हणून आया म्हणतात, "दुधाचीच हाय, पडंल अन् नवी येईल." ती पडत नाही, किडते. आठव्या-नवव्या वर्षी मूल कायमची दाढ गमावायच्या बेतात असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. हे सांगायला पदवी लागत नाही. अंगणवाडीच्या ताईने आईला बोट घालून दाखवलं तरी पुरे. ज्या घरात आई शिकलेली आहे तिथे हे तिला कुठून तरी कळतं, दुसरीकडे कळत नाही. ठणकणारी दाढ घेऊन मूल शाळेत बसत नाही, शाळा बुडते. मग त्याच्याही केसपेपरवर एक दिवस "चौथी" लिहिलं जातं.

ऊसतोडवाल्यांच्या मुलांची हंगामी वसतिगृहं आहेत ना, तिथे जा. वीज नसली, खुर्ची नसली तरी चालेल. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात याच अडचणीतून निघाली. तू परीक्षेत त्यावर पाच मार्कांची टीप लिहिली होतीस, मी तपासली होती, चार दिले होते. फ्लोराइडच्या टूथपेस्टचंही तसंच. २०२१ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महागडी नको, डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण एक हजार ते दीड हजार पीपीएम आहे का तेवढं बघून सांग, आणि लाल दंतमंजन बाजूला ठेवायला लाव.

"म्हातारपणी दात जायचेच" असं कुणी म्हणालं, आणि डॉक्टरही म्हणतात, तर जपानचं सांग. त्यांनी १९८९ मध्ये ठरवलं, ऐंशीव्या वर्षी वीस दात. तेव्हा ते हसण्यावारी जाण्यासारखं होतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक म्हातारे त्या आकड्याला पोचलेले निघाले. आमची आजी पंचावन्नाव्या वर्षी खलबत्त्यात पान कुटत होती, आणि आम्हाला ते वयाचंच लक्षण वाटायचं.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातला एक डॉक्टर होता, ज्युलियन ट्यूडर हार्ट. त्याने १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की चांगला उपचार जिथे सर्वांत जास्त लागतो तिथेच तो सर्वांत कमी मिळतो. आपल्या बॅचमधले किती जण पुण्यात आहेत, मोज. मी तुला पुण्याला जाऊ नकोस असं म्हणत नाही, तुझं आयुष्य आहे. पुण्यातल्या औंधातही भाजीवाल्या आहेत.

बाकी एक काम आहे. त्या बोटांवर मोजणाऱ्या बाईनंतर मी दसऱ्याआधीच्या पंधरवड्यात एका बैठकीतली रूट कॅनॉल करायला लागले. सगळ्या दाढांना जमत नाही. पू असेल, सूज असेल तर नाहीच. पण जमतील त्या त्याच दिवशी पूर्ण करायच्या, वर पक्कं सिमेंट भरायचं, कॅप हंगाम संपून गुढीपाडव्याच्या सुमाराला लोक परतले की. पैसे तेव्हाच, उचल फिटल्यावर. पाडव्याला सगळे येत नाहीत, पण निम्म्याहून अधिक येतात. गेल्या वर्षी एका दिवसात चार झाल्या, पाचवीला माझी पाठ धरली.

गणपती झाले की ये. रूट कॅनॉलचा तुझा एंडो मोटर घेऊन ये, माझा मध्येच बंद पडतो. राहायची सोय घरी आहे. आणि ती शिबिरातल्या पेशंटची यादी आण, गाववार लावू, त्यातल्या कुणाकुणाच्या बाजूच्या दाढा अजून शाबूत आहेत ते बघू.

तुझी,
मॅडम