‘करून देतो की’ : अकरा अर्धवट कामांची पिशवी

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांपैकी अनेकजणी थोड्याफार फरकाने एकच तक्रार सांगतात. नात्यातल्या माणसांसाठी आणि मैत्रिणींसाठी हाताने काहीतरी करायचे त्या हौसेने अंगावर घेतात. स्वेटर संपण्याआधी दुपटे सुरू होते, दुपट्याच्या मध्येच कोणाच्या तरी लग्नाच्या रुखवताचे काम येते, आणि शेवटी एकही वस्तू पुरी होत नाही. रात्री तीच कामे डोळ्यांपुढे येतात, दिवसा मात्र सुई हातात धरवत नाही. ‘मी आळशी झाले आहे, की मला काही मानसिक आजार जडला आहे?’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर मी एका स्त्रीच्या अनुभवाच्या आधारे देते. त्यांची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. येथे मी त्यांना काकू म्हणते, प्रत्यक्षातही तेच म्हणत असे.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा श्रावण चालू होता आणि टिळकवाडीतल्या माझ्या खोलीबाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता. छत्रीपेक्षा हातातली मोठी कापडी पिशवी भिजू नये याची त्यांना अधिक काळजी होती. नाव, गाव विचारून होण्याआधीच त्यांनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली आणि म्हणाल्या, “काय सांगू ओ मॅडम, हे बघितलं की छातीत धडधडतंय.”

आम्ही दोघींनी मोजले, तर अकरा कामे निघाली. पुतणीच्या बाळासाठी लिंबू रंगाचा स्वेटर, शेजारच्या कन्नड कुटुंबातल्या लेकीच्या बाळंतविड्यासाठी दुपटे आणि कुंची, पुण्याच्या मुलाच्या घरासाठी जुन्या साड्यांची वाकळ, खानापूर तालुक्यातल्या भाचीच्या रुखवतात मांडायचा क्रोशाचा रुमाल, मैत्रिणीच्या दोन नातींसाठी खणाचे परकर-पोलके, भजनी मंडळासाठी टाळांच्या पिशव्या, वहिनींचा ब्लाउज, लेकीच्या उशांचे कशिद्याचे अभ्रे, मावशीची शाल, कोणाचे तरी टोपी-मोजे, आणि सर्वांत तळाशी यजमानांचा मफलर, जो चार हिवाळ्यांपूर्वी सुरू केलेला होता. टाळांच्या पिशव्या आषाढी एकादशीला द्यायच्या होत्या आणि आषाढी तर होऊन गेली होती.

अशा वेळी माझे पहिले काम सल्ला देण्याचे नसते. नैराश्यात माणसाची रुची सगळ्याच गोष्टींतून उडते, भूक व झोप बिघडते, स्वतःविषयी निरर्थकतेची भावना येते, आणि हे बहुतेक दिवस, किमान दोन आठवडे तरी टिकते. म्हणून मी काकूंना जेवणाविषयी, मंगळागौरीविषयी, शेजारपाजाऱ्यांविषयी विचारले. त्या दोनच दिवसांपूर्वी मंगळागौरीला जाऊन पहाटेपर्यंत खेळून आल्या होत्या आणि त्याचे वर्णन करताना मनापासून हसत होत्या. झोप मोडत होती, पण ती पिशवीच्याच विचाराने. थायरॉइडची तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी अलीकडेच केली होती, तीही ठीक होती. उदासी अशी एकाच पिशवीपुरती मर्यादित नसेल, सर्वच गोष्टींवर पसरली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. घराबाहेर पडणे जमत नसेल तर शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

त्यानंतर मी एक चूक केली. आमच्या व्यवसायात अगदी गुळगुळीत झालेला सल्ला मी त्यांना दिला : ‘नाही म्हणायला शिका.’ काकूंनी आज्ञाधारकपणे त्याच आठवड्यात जाऊबाईंना एका कामासाठी नकार दिला, घरी येऊन रडल्या, आणि अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी त्याच जाऊबाईंची दोन कामे मागून आणली. अकराची तेरा झाली. (ती दोन नंतर न सुरू करताच परत गेली, म्हणून पुढे मी अकराच म्हणते.) ज्या समाजात बाळाच्या अंगावरचे पहिले झबले कोणी शिवले हे वीस वर्षांनंतरही सांगितले जाते, तेथे असा कोरडा नकार म्हणजे नात्याचा एक धागा तोडणेच होते, आणि हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

तिसऱ्या भेटीत मी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. “लिंबू रंगाचा स्वेटर व्हायला किती दिवस लागतील?” असे मी विचारले. “आठ दिवसांत करून देतो की,” असे उत्तर आले. आमच्याकडच्या बायका ‘देते’ न म्हणता ‘देतो’ म्हणतात हे बाहेरच्यांना नवल वाटते. मला मात्र त्या वाक्यातल्या ‘की’चे अधिक महत्त्व वाटले, कारण तो ‘की’ हिशेबाला जागाच ठेवत नाही. मी त्यांना माझ्यासमोर एक ओळ विणायला सांगितली आणि घड्याळ लावले. पाठीचा भाग ६४ टाक्यांचा होता आणि एका ओळीला तीन मिनिटे लागली. पाठीला ८६ ओळी, म्हणजे जवळजवळ सव्वाचार तास. पुढचे दोन भाग मिळून तेवढेच. बाहीची ओळ लहान, ती दोन मिनिटांची, पण एका बाहीला ५८ ओळी आणि बाह्या दोन, म्हणजे आणखी चार तास. गळा, बटणपट्टी, काजे, भाग जोडणे, आतून धागे लपवणे यांना काकूंच्याच अंदाजाने अडीच तास. एकूण पंधरा तास. रात्रीचे जेवण आवरल्यापासून झोपेपर्यंत त्यांना स्वतःची अशी चाळीस मिनिटे मिळत. पंधरा तासांचे नऊशे मिनिटे, भागिले चाळीस. कागदावर साडेबावीस दिवस आले, तेही बाकीच्या दहा कामांना हात न लावता.

काकू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग आम्ही सगळ्याच कामांची अशी बेरीज केली. एकट्या वाकळेलाच शंभर तास लागणार होते आणि सगळे मिळून २६० तास होत होते. रोजच्या चाळीस मिनिटांनी हे काम ३९० दिवसांचे होते. ज्या बाईला आपण आळशी आहोत असे वाटत होते, तिने एका वर्षात न मावणारे काम एका पावसाळ्यासाठी कबूल केले होते.

असे चुकणारी माणसे काही अपवादात्मक नसतात. कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत होईल हे विचारण्याचा एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. एवढेच नव्हे, सगळेच बिघडले तर किती लागतील या अंदाजापेक्षाही ते अधिक होते. स्वतःच्या कामाचा विचार करताना आपण ते सरळ रेषेत होताना पाहतो. मध्ये येणारा पाहुणा, गेलेली वीज आणि दुखणारा अंगठा आपल्याला दिसत नाही.

मात्र काकूंच्या बाबतीत हिशेब न करण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते मला बेरजेनंतर कळले. त्यांचे माहेर वडगावचे, विणकरांचे. घरातच माग होता. वडील आठवड्याच्या शेवटी विणलेल्या साड्या मालकाकडे नेत, तेथे त्या उलटसुलट पाहून मोजल्या जात आणि मजुरी ठरे. एखाद्या साडीत धागा तुटलेला दिसला तर पैसे कापले जात. “तवाच ठरवलं होतं, मी कुणाला हातानं काही दिलं तर मोजून देणार नाही,” असे काकू म्हणाल्या. तासांचा कागद त्यांना म्हणूनच टोचत होता. भाचीच्या रुमालाचे तास मोजले की तो रुमाल मजुरीचा होतो, असे त्यांना वाटत होते. यावर मी युक्तिवाद केला नाही. तो कागद कोणालाही दाखवायचा नाही, तो फक्त तारीख सांगण्यापुरता वापरायचा, एवढे आम्ही ठरवले आणि त्यांना ते पटले.

झोपेचा प्रश्न उरला होता. अपुरी कामे पुऱ्या कामांपेक्षा अधिक आठवणीत राहतात, असे ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ साली मांडले. पुढच्या प्रयोगांत तिचा निष्कर्ष दर वेळी तसाच मिळाला नाही. पण अपुरे काम मध्येच डोक्यात घुसते हा अनुभव कोणाही विणणारीला सांगावा लागत नाही. मला अधिक उपयोगी वाटते ते २०११ सालचे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचे संशोधन. अपुरे काम पुरे न करताही, ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी आखणी केली, तर त्याचे मनात घुसणे कमी होते, असे त्यांना आढळले. म्हणून आम्ही प्रत्येक कामाला वेगळी छोटी पिशवी केली आणि तिच्यात एक चिठ्ठी घातली : सुया कितव्या नंबरच्या, कोणत्या मापाचे, कितव्या ओळीवर थांबले, पुढची ओळ सुलट की उलट, आणि पुन्हा कोणत्या दिवशी हातात घ्यायचे. लोकरीच्या गुंडीवरची कागदी पट्टीही त्यातच ठेवायची, कारण लोकर कमी पडली आणि खडेबाजारात दुसऱ्या लॉटची मिळाली, तर रंगातला फरक नेमका छातीवर दिसतो. काकूंचे निम्मे टाळणे हे ‘आपण कुठे थांबलो होतो’ हे शोधण्याच्या कंटाळ्यातून येत होते, असे या चिठ्ठ्यांनी उघड केले.

लिंबू रंगाचा स्वेटर मात्र चिठ्ठी घालूनही पुढे सरकेना. दोन आठवडे मी विचारत होते आणि त्या विषय बदलत होत्या. शेवटी एके दिवशी त्यांनी स्वेटरचे भाग माझ्यासमोर पसरले आणि गप्प बसल्या. मला विणकाम फारसे येत नाही, तरी दिसले : पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचेच होते. दोघांचा गळा एकाच बाजूला उतरत होता. चाळीस वर्षे विणणाऱ्या बाईकडून झालेली ही चूक त्यांनी घरात कोणाला सांगितली नव्हती, आणि त्या एका चुकीमुळे अख्खी पिशवी उघडायचीच त्यांना लाज वाटत होती. “उसवा की मग,” मी म्हणाले. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीला धागा गुंडाळत दुसरा भाग उसवला. दीड मिनिटाची एक ओळ दोन सेकंदांत सुटत होती. उसवलेली लोकर कुरळी राहते, ती लडी करून पाण्यातून काढून, वजन लावून वाळवावी लागते, हे त्यांनीच मला शिकवले, आणि त्या दिवशी प्रथमच त्या माझ्या खोलीत बोलणाऱ्या झाल्या.

यानंतरचे काम फोनवर झाले. ‘नाही’ म्हणायचे नाही, खरी तारीख सांगायची, असे आमचे ठरले होते. पुतणीला त्यांनी सांगितले की बारशाचा स्वेटर राहिला तो राहिलाच. बाळ ज्येष्ठातले, थंडी पडेल तेव्हा ते सहा महिन्यांचे होईल, तेव्हा मी त्या मापाचा विणते आणि संक्रांतीच्या बोरनहाणाला आणते. पाठ आधीच विणून झाली होती, तीही उसवली. मैत्रिणीच्या नातींच्या परकरांना दिवाळीची तारीख मिळाली, आणि मुली वाढत्या वयाच्या म्हणून खाली कापड दुमडून दोन टका घालून ठेवायचे ठरले, म्हणजे पुढल्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. शेजारणीने तर दुपटे नुसते कापून द्या, कडा मी घालते, असे स्वतःहून सांगितले. सर्वांत मजेदार फोन वहिनींचा. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच तो ब्लाउज शिंप्याकडून दुसऱ्या कापडाचा शिवून घेतला होता आणि काकूंना वाईट वाटेल म्हणून सांगितले नव्हते. इकडे काकू त्यांना तोंड दाखवायला लाजत होत्या. मफलरच्या बाबतीत यजमान म्हणाले, “मी टोपी घालतो, मफलर कुणी मागितला होता?” तोही उसवला गेला. अकरांपैकी खरोखर वाट पाहिली जात होती अशी कामे पाच निघाली.

वाकळेला आम्ही तारीख दिली नाही. मुलाने ती मागितलेली नव्हती. आईच्या आणि सासूच्या साड्यांचे तुकडे एकत्र शिवण्यात काकूंनाच गोडी होती, आणि एखादे काम असे कोणाचेही देणे नसलेले असावे, या मताची मीही आहे. ते दुपारी, मनाला येईल तेव्हा चालते. रात्रीची चाळीस मिनिटे मात्र तारखेच्या कामालाच द्यायची आणि एका वेळी एकच तारखेचे काम उघडायचे, हा नियम त्यांनी स्वतः घातला. तो दोनदा मोडला, एकदा गणपतीत मखराच्या पडद्यासाठी आणि एकदा भाचीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. रुमाल तुळशीच्या लग्नानंतर पोहोचला, एका कोपऱ्याची लेस अपुरी असताना, आणि रुखवतात तो कोपरा घडीखाली गेला.

शेवटची भेट पौषात झाली. झोप लागते, असे त्यांनी मी न विचारता सांगितले. पिशवीत तीनच लहान पिशव्या होत्या. स्वेटरची एक बाही जोडलेली होती आणि दुसरी सुईवर; अजून एकतीस ओळी आहेत आणि संक्रांतीला नऊ दिवस, म्हणजे बटणांसाठी चार रात्री मोकळ्या राहतात, असा हिशेब त्यांनी चहा पिता पिता केला. दोन महिन्यांनी सहज एकदा भेटावे म्हणून मी दुपारी चारची वेळ लिहायला घेतली, तर त्यांनी हाताने थांबवले. “चारला नको ओ मॅडम, त्यावेळी खिडकीत उजेड असतोय. साडेपाच लिहा.”