लेकाला लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाच्या, क्लबात घालताय?

ताई, ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, निवड झाली म्हणून लगेच पैसे भरू नका. आधी एक सराव कडेला उभं राहून बघा. चुकलेल्या पोराशी कोच कसा बोलतो, बाकावरच्यांना किती खेळवतो? इथे न्यू जर्सीत आमच्या पहिल्या क्लबात आम्ही हे पाहिलं नाही. लेक अख्खा उन्हाळा बाकावर बसला, आणि बाहेरगावच्या सामन्यांसाठी हॉटेलची बिलं आम्ही भरत राहिलो. फीमध्ये काय काय धरलंय, तेही लेखी घ्या.

‘आठवीतच कॉलेजच्या नजरेत भरायला हवं’ असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या नियमाने डिव्हिजन वनचे, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांचे, लॅक्रॉस कोच अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरआधी मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटात आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) तर खेळाची शिष्यवृत्तीच नसते. म्हणून अभ्यास सुटू देऊ नका.

हात बसतो तो भिंतीपाशी. रोज २० मिनिटं भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, उजव्या हाताने जितके पास तितकेच डाव्याने. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर चेंडूचे गोल डाग पडलेत. ते बघून मला अजून भरून येतं.

आणि हो, परतताना गाडीत सामन्याचा विषय तुम्ही काढू नका. आधी पोराला खाऊ द्या.