ढासळलेला किल्ला-केक सावरताना

अजिंक्यताऱ्याच्या आकाराचा केक ढासळला म्हणून खचून जाऊ नका. लोणी साधारण 32 ते 35 अंशांना वितळते आणि साताऱ्याचा मे महिना त्याहून तापतो, त्यामुळे सर्वप्रथम केक फ्रिजमध्ये ठेवून घट्ट होऊ द्यावा. नवखे बहुधा घाईने मऊ केकवरच आणखी क्रीम थापतात आणि त्या वजनाने उरलेला बुरूजही खचतो. तुटलेला चुरा गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणात) मळून त्याने भेगा भराव्यात. उन्हाळ्यात तीन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम हे गनाशचे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. उंच भागाखाली पातळ बोर्ड आणि तो पेलणाऱ्या लाकडी काड्या हव्यातच. फॉन्डंटच्या (साखरेच्या मऊ, लाटता येणाऱ्या गोळ्याच्या) बारीक कामामागे आत्ता लागू नका. तटबंदी आणि दरवाजा एवढे जमले तरी पुरे.