शब्दचर्चा : रेल्वे ‘प्राप्तकर्त्या’च्या हातात गेली?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा पुढे अध्यक्ष झालेल्या फ्रेडरिक बिलिंग्जच्या चरित्राच्या अनुवादात ‘१८७५ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे प्राप्तकर्त्याच्या हातात गेली’ असं वाक्य आलं आहे, ते बरोबर आहे का?

नाही. इथे ‘रिसीव्हर’च ठेवावा. ‘प्राप्तकर्ता’ पार्सलचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या कामकाजात ‘कोर्ट रिसीव्हर’ रुळलेला आहे आणि अर्थही तोच : वादातली मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस. ‘रेल्वेवर जप्ती आली’ हेही चुकीचं, कारण रिसीव्हरच्या ताब्यात असतानाही गाड्या धावतात. तो खर्च चालवतो आणि हिशेब न्यायालयाला देतो. म्हणून ‘रेल्वे न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली’ असं लिहावं. पहिल्या उल्लेखाला इतकं पुरे, पुढे नुसतं ‘रिसीव्हर’ चालेल.

या चरित्रात हा शब्द चुकला तर पुढचं काहीच कळत नाही. बिलिंग्ज मूळचा वकील. १८४९ मध्ये तो कॅलिफोर्नियात गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकन काळातल्या जमीन-हक्कांच्या दाव्यांवर त्याने नाव कमावलं. नॉर्दर्न पॅसिफिकने कर्जरोखे विकून पैसा उभारला होता. १८७३ मध्ये ते रोखे विकणारी ‘जे कुक’ या बँकरची पेढी बुडाली आणि दोन वर्षांत रेल्वेही अडकली. तेव्हा बिलिंग्जने तोडगा काढला : रोखेधारकांनी रोखे सोडून अग्रहक्काचे शेअर घ्यावेत. व्याजाचा बोजा उतरला. शिवाय हे शेअर देऊन रेल्वेची जमीन विकत घेता येत असे. इथे ‘प्रिफर्ड स्टॉक’चा ‘प्राधान्य साठा’ असा शब्दशः अनुवाद दिसतो. ‘स्टॉक’ म्हणजे गोदामातला माल नव्हे, तेव्हा ‘अग्रहक्काचे शेअर’ म्हणावं. त्या रोख्यांचं ‘सेव्हन-थर्टी’ हे नाव घड्याळातलं साडेसात नाही, व्याज सालाना ७.३ टक्के होतं.

जमिनीचा ‘सेक्शन’ म्हणजे रेल्वेचा विभाग नव्हे, हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. रेल्वेला मिळालेल्या १८६४ च्या सरकारी सनदेत रुळाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक सेक्शन देण्याची तरतूद होती : राज्यांत दर मैलामागे २०, टेरिटरीत (अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात) ४०. म्हणजे टेरिटरीत मैलामागे २५,६०० एकर. अनुवादात ‘सेक्शन’ ठेवून पहिल्यांदा एकर सांगावेत, नाहीतर वाचकाला रेल्वेची खरी पुंजी जमीन होती हेच समजणार नाही.

‘प्रेसिडेंट’ला ‘अध्यक्ष’ चालेल, पण त्याच परिच्छेदात सनदेवर सही करणारा लिंकन असेल तर लिंकनला ‘राष्ट्राध्यक्ष’ आणि बिलिंग्जला ‘कंपनीचा अध्यक्ष’ असं स्पष्ट लिहावं. बिलिंग्ज १८७९ ते १८८१ या पदावर होता.

हेन्री व्हिलार्ड या दुसऱ्या रेल्वे-उद्योजकाने ८० लाख डॉलर कशासाठी ते न सांगता गुंतवणूकदारांकडून गोळा केले आणि रेल्वेचे शेअर घेत ताबा मिळवला. या ‘ब्लाइंड पूल’ला ‘आंधळा तलाव’ करू नये, ‘हेतू गुप्त ठेवून उभारलेला निधी’ म्हणावं. त्यानंतर बिलिंग्जने पद सोडलं, तिथे ‘राजीनामा दिला’ हेच योग्य, ‘हकालपट्टी’ नको. आणि मोंटानातलं त्याच्या नावाचं शहर ‘बिलिंग्ज’ असंच लिहावं, ‘बिलिंग’ नव्हे.