नोंदवहीत ज्याचे नाव, त्याच्यावर देणे

प्रश्न : आमच्या गावातील एका नागरी सहकारी बँकेचा परवाना काही वर्षांपूर्वी रद्द झाला आणि तिच्यावर अवसायक (मालमत्ता विकून देणी फेडणारा अधिकारी) नेमला गेला. विम्याच्या मर्यादेपलीकडची आमची ठेव अजून अडकून पडली आहे. अलीकडे वाचनात आले की 1878 मध्ये स्कॉटलंडमधील सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, तेव्हा ठेवीदारांना पूर्ण रक्कम परत मिळाली, पण भागधारक मात्र देशोधडीला लागले. आपल्याकडे दिसते त्याच्या नेमके उलटे चित्र तेथे कसे झाले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेली माहिती खरी आहे. मात्र ठेवीदारांना मिळालेला सगळा पैसा बँकेच्या मालमत्तेतून आला नव्हता. त्यातील फार मोठा वाटा भागधारकांनी आपली घरेदारे विकून भरला होता.

सिटी ऑफ ग्लासगो बँक 1839 मध्ये स्थापन झाली. जुलै 1878 मध्ये झालेल्या वार्षिक सभेत संचालकांनी 133 शाखांचा अभिमानाने उल्लेख केला आणि 12 टक्के लाभांश जाहीर केला. त्या सुमारास 100 पौंडांच्या भागाला बाजारात 236 पौंड भाव होता. तीन महिन्यांच्या आत, 2 ऑक्टोबर 1878 रोजी बँकेची दारे उघडलीच नाहीत. त्यानंतर सनदी लेखापाल आणि वकील यांनी दप्तर तपासून 18 ऑक्टोबरला अहवाल दिला. मालमत्तेपेक्षा देणी सुमारे 51 लाख 90 हजार पौंडांनी अधिक असल्याचे त्यातून उघड झाले. दहा लाख पौंडांचे भागभांडवल तर संपूर्ण गेलेच होते; म्हणजे एकूण तोटा जवळजवळ 62 लाख पौंडांचा होता. बँकेने दिलेल्या कर्जांपैकी 57 लाख पौंडांहून अधिक रक्कम केवळ चार कर्जदारांकडे अडकली होती. ती वसूल होणार नाही हे वरिष्ठांना अनेक वर्षांपासून ठाऊक होते, तरीही बुडीत रक्कम बुडीत म्हणून दाखवावी लागू नये यासाठी त्याच कर्जदारांना नवे कर्ज देणे चालूच राहिले. ताळेबंदात कर्जे कमी आणि सोने जास्त दाखवले गेले. भागाचा भाव घसरू नये म्हणून बँक स्वतःचेच भाग दीड लाख पौंडांहून अधिक खर्चून विकत घेत राहिली.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळतो. त्या काळी स्कॉटलंडमधील तीन जुन्या सनदी बँका सोडल्या, तर इतर बँकांच्या भागधारकांचे दायित्व अमर्यादित होते. मर्यादित दायित्वाची मुभा बँकांना 1858 मध्येच मिळाली होती, पण ती घेण्यास या बँका तयार नव्हत्या, कारण भागधारकाची सारी मालमत्ता ठेवीच्या पाठीशी उभी आहे हीच ठेवीदाराला दाखवण्याची त्यांची मोठी हमी होती. 1857 मध्ये वेस्टर्न बँक ऑफ स्कॉटलंड बुडाली, तेव्हाही तिच्या भागधारकांनी ठेवीदारांची देणी पूर्ण फेडली होती. त्या वेळच्या घबराटीत सिटी ऑफ ग्लासगो बँकही काही आठवडे बंद होती आणि पुन्हा उघडली होती. इतका ताजा इशारा असूनही तिचे भाग सुरक्षित गुंतवणूक म्हणून विकले जात राहिले, आणि ते घेणाऱ्यांत विधवा, अविवाहित स्त्रिया, दुकानदार आणि पाद्री मोठ्या संख्येने होते.

अवसायकांनी पहिली मागणी डिसेंबर 1878 मध्ये काढली. ज्याच्या नावावर 100 पौंडांचा भाग, त्याने 500 पौंड भरायचे. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी भरले, आणि ज्यांच्याकडे नव्हते ते दिवाळखोर झाले. दिवाळखोरांकडून न आलेली रक्कमही उरलेल्यांवरच पडते, हा अमर्यादित दायित्वाचा सर्वांत निर्दय भाग आहे. त्यामुळे एप्रिल 1879 मधील दुसरी मागणी प्रत्येक 100 पौंडांमागे 2,250 पौंडांची झाली. वर्षाला 12 पौंड लाभांशाच्या आशेने घेतलेल्या एका भागापायी एकूण 2,750 पौंड! एकंदर 1,819 भागधारकांपैकी अखेरीस केवळ 254 जण दिवाळ्यातून वाचले. सरकारी मदत आली नाही. लोकवर्गणीतून एक साहाय्य निधी उभा राहिला आणि त्यातून निराधार झालेल्या भागधारकांना थोडाफार आधार मिळाला.

आपल्या बँकेच्या बाबतीत सभासदाचे दायित्व त्याच्या भागापुरतेच मर्यादित असते. म्हणून भागभांडवल संपले की उरलेला तोटा ठेवीदारावर येतो, आणि त्याला आधार उरतो तो ठेव विम्याचा; 2020 पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपये आहे. आपल्याला सोसावी लागलेली वाट पाहणे मी कमी लेखत नाही. पण ग्लासगोमधील ठेवीदारांची सुटका ज्या पद्धतीने झाली ती पद्धत परत यावी असे मला वाटत नाही, कारण ताळेबंदातील खोटेपणा ठेवीदाराला जितका अज्ञात होता तितकाच तो त्या विधवेलाही अज्ञात होता.

प्रश्न : अशा प्रकरणांत कधी ‘रिसीव्हर’, कधी ‘अवसायक’ असे शब्द येतात. त्यांत फरक काय? आणि न्यायालयाच्या ‘देखरेखीखाली’ अवसायन होते म्हणजे न्यायाधीश स्वतः बँक चालवतात का?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : रिसीव्हर वादातील मालमत्ता ताब्यात घेतो, ती जपतो, तिचे उत्पन्न गोळा करतो आणि न्यायालयाला हिशेब देतो, मुंबई उच्च न्यायालयाचे ‘कोर्ट रिसीव्हर’ हे कार्यालय आपल्या परिचयाचे असेल. अवसायकाचे काम याहून मोठे असते. कंपनीची मालमत्ता विकणे, येणी वसूल करणे, देणेकऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडून येणे आहेत त्यांच्या, यादीची छाननी करणे, कमी पडेल ते भागधारकांकडून मागणे आणि शेवटी कंपनीचा कारभार संपवणे, हे सगळे त्याच्याकडे येते. ग्लासगोच्या प्रकरणात नेमणूक अवसायकांची होती.

1862 च्या ब्रिटिश कंपनी कायद्यात कंपनी गुंडाळण्याचे तीन मार्ग होते : पूर्णपणे न्यायालयामार्फत, भागधारकांच्या ठरावाने स्वेच्छेने, आणि स्वेच्छेने पण न्यायालयाच्या देखरेखीखाली. ग्लासगोत 22 ऑक्टोबर 1878 रोजी भागधारकांनी सभा घेऊन बँक गुंडाळण्याचा ठराव केला आणि अवसायक निवडले. पुढे एडिंबरा येथील कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने ते अवसायन आपल्या देखरेखीखाली घेतले. यात रोजचा कारभार अवसायकच पाहतात, प्रत्येक कर्जाच्या तडजोडीला न्यायाधीशांची सही लागत नाही. पण न्यायालय त्यांच्या अधिकारांना अटी घालू शकते, जादा अवसायक नेमू शकते आणि त्यांना काढूही शकते. एखाद्या ताकदवान देणेकऱ्याने इतरांच्या आधी जप्ती आणून आपला वाटा उचलू नये, यासाठी दावे थांबवण्याची सत्ताही न्यायालयाकडे असते. भागधारकांकडून मागितलेल्या रकमेला न्यायालयाचा हुकूम मिळाला की ती वसूल करण्यास कायद्याचे बळ येते.

यातील सर्वांत नाजूक काम म्हणजे अंशदायींची यादी करणे. पैसे भरण्यास जबाबदार असणाऱ्यांना कायदा ‘अंशदायी’ म्हणतो. पहिल्या यादीत त्या घटकेचे भागधारक असतात. ज्यांनी गेल्या वर्षभरात भाग विकले त्यांची दुसरी यादी असते आणि पहिल्या यादीतून भागले नाही तरच त्यांच्याकडे वळता येते. ग्लासगोतील शेकडो लोकांनी आपले नाव पहिल्या यादीतून काढावे म्हणून धडपड केली. कोणी म्हणाले, ‘संचालकांनी खोटा ताळेबंद दाखवून आम्हाला फसवले, म्हणून आमची खरेदी रद्द करा.’ हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या काळी अपिलांचा शेवटचा निकाल देणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, 1879 मध्ये त्यांना नकार दिला : बँक दिवाळ्यात निघाल्यावर आता तिसऱ्याचे, म्हणजे देणेकऱ्यांचे हक्क मध्ये आले आहेत, फसवणुकीचे कारण सांगून भागधारकाला मागे फिरता येणार नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका दाव्यात त्याच सभागृहाने असेही ठरवले की, भागधारक म्हणून राहूनच कोणी फसवणुकीची नुकसानभरपाई त्याच बँकेकडून मागू शकत नाही. अवसायनाची सारी यंत्रणा भागधारकांच्या नोंदवहीत कोणाचे नाव आहे एवढ्यावरच उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने हे समर्थनीय आहे, कारण देणेकरी त्या नोंदवहीवर विसंबूनच उधार देतो. तरीही त्या काळचे निकाल वाचताना, न्यायालयाने इतकी काटेकोर व्यवस्था लावावी आणि तिचा सारा भार निर्दोष माणसांवर पडावा, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

प्रश्न : माझे वडील एका न्यासाचे विश्वस्त होते, त्यामुळे ही बाब मला जवळची वाटते. ज्यांनी स्वतःसाठी नव्हे, तर विश्वस्त म्हणून बँकेचे भाग धरले होते, त्यांचे काय झाले? आणि संचालकांना शिक्षा झाली का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विश्वस्तांची स्थिती सर्वांत करुण होती. एखाद्या मृताच्या मुलाबाळांसाठी, कोणताही मोबदला न घेता, त्यांनी भाग आपल्या नावावर धरले होते आणि नोंदवहीत ‘विश्वस्त’ असा उल्लेखही होता. त्यांचे म्हणणे असे की आमची जबाबदारी न्यासाच्या मालमत्तेपुरतीच असावी. हाऊस ऑफ लॉर्ड्सने एप्रिल 1879 मध्ये हे म्हणणे फेटाळले. कंपनीला न्यासाशी कर्तव्य नाही, जो भाग धारण करतो तो भागधारक, आणि त्याचे दायित्व वैयक्तिक, असा निकाल झाला. एका पैशाचाही लाभ न घेणाऱ्यांची घरे त्यामुळे गेली.

याच नियमाचा फटका एका संपूर्ण बँकेला बसला. इन्व्हर्नेस येथील कॅलिडोनियन बँकेने एका कर्जाचे तारण म्हणून सिटी ऑफ ग्लासगो बँकेचे 400 पौंडांचे भाग आपल्या नावावर करून घेतले होते. तारण म्हणून घेतलेली ती चार कागदपत्रे तिला भागधारक ठरवण्यास पुरेशी होती. तिचे दायित्व कोठवर जाईल हे सांगता येईना, आणि मुळात सुस्थितीतील या बँकेला डिसेंबर 1878 मध्ये व्यवहार बंद ठेवावे लागले. ती पुन्हा उघडली ती ऑगस्ट 1879 मध्ये.

संचालकांचा खटला 20 जानेवारी 1879 रोजी एडिंबरा येथे सुरू झाला आणि 1 फेब्रुवारीला निकाल लागला. चोरी आणि अपहाराचे आरोप सरकारी पक्षाने सोडून दिले आणि खोटे ताळेबंद करण्याचा व प्रसिद्ध करण्याचा आरोप तेवढा उरला. लुईस पॉटर हे संचालक आणि व्यवस्थापक रॉबर्ट स्ट्रोनॅक यांना 18 महिने, तर इतर पाच जणांना 8 महिने कारावास झाला. ज्या स्त्रियांची उभ्या आयुष्याची पुंजी गेली त्यांच्या दृष्टीने ही शिक्षा किती तोकडी असेल याची कल्पना करता येते.

कायद्याने मात्र धडा घेतला. 1879 च्या कंपनी कायद्याने बँकांना मर्यादित दायित्व घेतानाच दायित्वाचा काही भाग फक्त अवसायनासाठी राखून ठेवण्याची सोय दिली. त्याचबरोबर अशा बँकांना स्वतंत्र लेखापरीक्षण सक्तीचे केले. 1882 मध्ये उरलेल्या अमर्यादित स्कॉटिश बँकांनी एकत्रितपणे तो मार्ग स्वीकारला.

प्रश्न : या बुडीत कर्जांचा मुंबईशी काही संबंध होता असे ऐकले आहे. तसेच, हे अवसायन एकूण किती काळ चालले?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संबंध होता. मोठ्या कर्जदारांपैकी स्मिथ, फ्लेमिंग आणि कंपनी या लंडनच्या पेढीचा व्यापार पौर्वात्य देशांशी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. मुंबईच्या कितीतरी पेढ्या आणि जमीन-भरावाच्या कंपन्या त्यात बुडाल्या, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या पडझडीतून सावरण्यासाठी लंडन आणि ग्लासगोतील पेढ्यांना जी कर्जे लागली, त्यांतील काही याच बँकेने दिली होती.

मागण्यांची धग काही वर्षांत ओसरली आणि ठेवीदारांची देणी फिटली, पण मालमत्ता सहजासहजी विकली जाईना. बँकेचा पैसा न्यूझीलंडच्या जमिनींत आणि अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीतही अडकला होता. 1882 मध्ये संसदेच्या खास कायद्याने उरलेली मालमत्ता ‘ॲसेट्स कंपनी’ या नव्या कंपनीकडे सोपवण्यात आली. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या जमिनींवरून तिच्याशी झालेला वाद लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल या वसाहतींच्या अपिलांच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे 1905 मध्ये निकाल लागला. माओरी मालकांचे म्हणणे होते की मुळातले हस्तांतरणच सदोष होते. कौन्सिलने ठरवले की जमिनीच्या सरकारी नोंदवहीत कंपनीचे नाव लागलेले आहे आणि तिने स्वतः लबाडी केल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून जमीन तिचीच. ग्लासगोच्या विधवांना नोंदवहीतील नावामुळे सर्वस्व भरावे लागले होते. 26 वर्षांनी तशाच एका नोंदवहीच्या जोरावर त्यांच्या बुडालेल्या बँकेच्या वारसदार कंपनीने माओरींच्या वाडवडिलांची जमीन राखली.