बॅन्फच्या तळ्यांना किती वेळ द्यावा?

या महिन्यात कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाच्या तळ्यांबद्दल आणि त्यापुढच्या अथाबास्का हिमनदीबद्दल बरीच पत्रं आली. मुलामुलींकडे कॅलगरी-एडमंटनला येणारे आईवडील वाढले आहेत, त्यामुळे हे प्रश्नही वाढले. पूर्वी मी साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवत असे. आता कॅलगरीत राहते आणि उन्हाळ्यात बारा-चौदा जणांच्या गटांबरोबर वाटाडी म्हणून याच रस्त्याने जाते. तेव्हा लिहिते ते रस्त्यावर पाहिलेलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा कॅलगरीत नोकरीला आहे. मी 68 वर्षांचा, सौ. 64. जुलैत आम्ही त्याच्याकडे असू, पण त्याला रजा नाही. लेक लुईज, मोरेन लेक, पीटो लेक आणि हिमनदी, सगळं एका दिवसात दाखवणारी मोठी बस आहे. बारा जणांची छोटी गाडीही आहे, पण तिचे पैसे बरेच जास्त. कुठली घ्यावी? (एक वाचक, सांगली)

नमस्कार. गाडी कुठली हे ठरवण्याआधी अंतरं बघा. कॅलगरीहून बॅन्फ गाव साधारण 130 किलोमीटर. बॅन्फहून लेक लुईज आणखी 58. तिथून आइसफील्ड्स पार्कवे या रस्त्याने हिमनदी सव्वाशेच्या पुढे. म्हणजे जाऊन-येऊन सहाशेच्या वर किलोमीटर, सात तास नुसतं बसणं. त्यात चार ठिकाणं कोंबली की प्रत्येक तळ्याच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं येतात. त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. पन्नास माणसं बसमधून उतरायला आणि परत मोजून चढवायला लागणारा वेळही त्यातूनच वजा होतो. लेक लुईजच्या काठावर पाठमोरा फोटो काढून धावत बसकडे निघालेली आपल्याकडची वयस्कर मंडळी मी दर उन्हाळ्यात बघते आणि मला फार वाईट वाटतं. इतक्या लांब आलात, तर त्या पाण्याकडे बघत अर्धा तास बाकावर बसता आलं पाहिजे.

म्हणून माझं सांगणं : छोटी गाडी घ्या आणि एक ठिकाण कमी करा. मोरेन लेक त्या दिवसातून काढून टाका. आदल्या रात्री बॅन्फला किंवा त्याच्या अलीकडच्या कॅनमोर गावी मुक्काम केलात तर सकाळचे दीड-दोन तास वाचतात. मग लेक लुईज सकाळी लवकर, पुढे बो लेक, पीटो लेक आणि दुपारी हिमनदी, असा दिवस दमछाक न होता बसतो. जूनअखेर-जुलैत इथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई नको.

मोरेन लेकसाठी वेगळा दिवस ठेवा. 2023 पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. मुलाकडे गाडी असली तरी तो तुम्हाला तिथवर नेऊ शकणार नाही. पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी खात्याची बस आहे, तिचं आरक्षण आधी लागतं आणि बऱ्याच जागा जायच्या दोन दिवस आधी सकाळी 8 वाजता खुल्या होतात. मुलाला तेवढा गजर लावून ठेवायला सांगा. तळ्याच्या तोंडाशी दगडांचा मोठा ढीग आहे, त्यावर पायऱ्यांची वाट आहे. दहा-पंधरा मिनिटांत चढून होते. वरून दहा शिखरांची रांग समोर उभी राहते. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर हेच दृश्य होतं.

आता छोट्या गटाचे जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे, तेही सांगते. वाटाड्या तुमच्याशी माइकशिवाय बोलतो. सौ.ना वाटेत थांबायचं असेल तर तो थांबवू शकतो. पार्कवेवर बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही, स्वच्छतागृहं लांब लांब आहेत, पेट्रोलचा पंप मधल्या सस्कॅचवन क्रॉसिंगलाच आणि तोही हंगामात. अशा रस्त्यावर ओळखीचा चालक सोबत असणं फार महत्त्वाचं. पैसे भरण्याआधी मात्र प्रत्येक थांब्यावर किती मिनिटं मिळणार हे लेखी मागा. हिमनदीचं तिकीट आणि राष्ट्रीय उद्यानाचा पास त्यात धरला आहे का, हे विचारा. धुरामुळे किंवा दरड पडून रस्ता बंद झाला तर पैशांचं काय, तेही. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर ही खरीखुरी अडचण आहे. 2024 च्या जुलैत तर पुढच्या जॅस्पर गावाचा मोठा भाग जळाला. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी सहल शोधा. आणि येताना वैद्यकीय विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका.

प्रश्न : फोटोत दिसतो तसा त्या तळ्यांचा रंग खरंच असतो का? माझ्या बहिणीने मे महिन्यात जाऊन नुसता पांढरा बर्फ पाहिला. (एक वाचक, ठाणे)

रंग खरा आहे. बहीण तळं जागं व्हायच्या आधी गेली. लेक लुईज साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेलं असतं. मोरेन लेकचा रस्ताही जूनच्या सुमारास उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो.

रंग येतो तो हिमनदीमुळे. बर्फाचं प्रचंड ओझं उतारावरून हळूहळू सरकताना खालचा खडक घासत जातं. त्यातून जात्यातल्या पिठाहूनही बारीक अशी दगडाची पूड निघते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ती पूड पाण्याबरोबर तळ्यात येते आणि इतकी हलकी असते की लवकर तळाशी बसत नाही, पाण्यात तरंगत राहते. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा-हिरवा भाग ही पूड परत आपल्या डोळ्यांकडे फेकते. म्हणून जूनमध्ये बर्फ नुकता फुटलेला असताना रंग फिका असतो, वितळण्याचा जोर वाढतो तसा गडद होत जातो. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्ट यांत तो सर्वांत भरलेला दिसतो.

तळं कुठून बघता यालाही महत्त्व आहे. पाण्याच्या पातळीवर उभं राहिलं की आकाशाचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. वरून पाहिलं की पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. पीटो लेक आपण उंचावरून पाहतो, म्हणून त्याचा निळा रंग पाहून माणसं गप्प होतात. बिल पीटो नावाच्या एका जुन्या वाटाड्याचं नाव त्याला दिलं आहे. पुढे तो याच उद्यानाच्या पहिल्या काही रक्षकांपैकी एक झाला. एका मोठ्या सुंदर तळ्याला राजा-राणीचं सोडून वाटाड्याचं नाव मिळालं, याचा मला आनंद आहे. लेक लुईजला मात्र व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं नाव आहे. 1882 मध्ये रेल्वेच्या सर्वेक्षणाच्या कामावर आलेल्या टॉम विल्सनला ते तळं दाखवलं इथल्या मूळ रहिवासी स्टोनी नाकोडा लोकांपैकी एका वाटाड्याने. त्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं आणि त्यांच्या भाषेत ते 'लहान माशांचं तळं' आहे.

होडीचा मोह अनेकांना होतो. लेक लुईजवर तासाभराला शंभर डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. त्यापेक्षा काठाकाठाने तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. वाट सपाट आहे, फुकट आहे, आणि टोकाला पोचलात की दुधाळ पाणी तळ्यात शिरताना प्रत्यक्ष दिसतं.

प्रश्न : माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, वय 61. हिमनदीवर चालता येईल का? ऑक्सिजन कमी पडतो का? कपडे काय घालू? (एक वाचक, नागपूर)

ताई, ऑक्सिजनची काळजी सोडा. लेक लुईज साधारण 1,730 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून (1,646) थोडंसंच उंच. रस्त्याचा सर्वांत उंच भाग 2,070 मीटरच्या आसपास आणि हिमनदीचा आपण जातो तो भागही दोन हजारांच्या थोडा वर. लेहला 3,500 मीटरवर जो त्रास होतो, तसा इथे सहसा होत नाही. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारा, एवढंच.

गुडघ्याचं मात्र बघायला हवं. हिमनदी अनुभवायच्या तीन तऱ्हा आहेत. मोठ्या चाकांची खास बस थेट बर्फावर नेते, तिथे वीस-तीस मिनिटं उतरून उभं राहता येतं. तुमच्यासाठी हीच. पायऱ्या उतरताना कठडा धरा आणि बसमध्ये पट्टा बांधा. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रशिक्षित पर्वत-वाटाड्याबरोबर, बुटांना लोखंडी काटे लावून सुमारे तीन तास चालणं. गुडघे धड असतील त्यांनी पैसे साठवून तेच करावं. बर्फातल्या निळ्या भेगा आणि पाणी गडप होणारी खोल भोकं जवळून पाहायला मिळतात. तिसरी तऱ्हा फुकटची : वाहनतळावरून हिमनदीच्या टोकाकडे जाणारी दीड-दोन किलोमीटरची वाट. ती खडकाळ आणि मध्ये चढाची आहे. काठी घेऊन अर्ध्यापर्यंत गेलात तरी चालेल.

एक गोष्ट हात जोडून सांगते. त्या वाटेच्या शेवटी दोरी लावलेली आहे, ती ओलांडू नका आणि सोबतच्या मुलांना ओलांडू देऊ नका. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. त्यात पडून, सुटका होण्याआधीच गारठून माणसं गेली आहेत, लहान मुलंसुद्धा. वाटाड्या जिथून नेतो ती वाट त्याने तपासलेली असते.

कपड्यांचं म्हणाल तर साडी नको. ओल्या बर्फावर काठ भिजतो आणि काट्यांच्या बुटात अडकतो. जाड ट्रॅक पॅंट, आत गरम बनियन, वर वाऱ्याला अडवणारं जाकीट. हातमोजे आणि कानटोपी जुलैतसुद्धा लागते, कारण बर्फावरून खाली वाहणारा वारा खाली गावात कितीही ऊन असलं तरी बोचरा असतो. चपला-सँडल अजिबात नको. काळा चष्मा न विसरता घ्या. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना भाजतं.

प्रश्न : मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते. मामा एडमंटनला आहे, त्याने बोलावलं आहे. वितळत चाललेल्या हिमनदीवर पर्यटक म्हणून जाणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही स्वतः लोकांना तिथे नेता. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, पुणे)

तुझं पत्र दोनदा वाचलं. हा प्रश्न मलाही पडतो, दर हंगामात पडतो.

आधी तिथे काय आहे ते सांगते. कोलंबिया आइसफील्ड हे बर्फाचं मोठं पठार आहे. त्यातून उतरणाऱ्या हिमनद्यांपैकी अथाबास्का एक, सुमारे सहा किलोमीटर लांब. 1898 मध्ये नॉर्मन कॉली आणि हर्मन वुली हे ब्रिटिश गिर्यारोहक शेजारच्या माउंट अथाबास्कावर चढले, तेव्हा त्यांना हे पठार दिसलं. कॉली तीनच वर्षांपूर्वी आपल्या नंगा पर्वताच्या मोहिमेत होता. या पठाराचं पाणी तीन महासागरांकडे जातं : पॅसिफिक, आर्क्टिक, आणि हडसनच्या उपसागरातून अटलांटिक.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही हिमनदी आज जिथे महामार्ग आहे तिथवर पोचलेली होती. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आणि तिचं निम्मं घनफळ संपलं. टोकाकडे जाणाऱ्या वाटेवर सालांच्या पाट्या आहेत : या वर्षी बर्फ इथे होता. 1982 ची पाटी येते, 1992 ची येते. माझ्या गटातली माणसं आपल्या जन्मसालाच्या जवळची पाटी शोधतात आणि मग मान वर करून बर्फ कुठे आहे ते बघतात. मी त्या वेळी काहीही बोलत नाही. शाळेत हिमनदीचा धडा मी फळ्यावर आकृती काढून शिकवला. त्या पाट्यांमधून चालत जाण्याने जे कळतं ते फळ्यावरून मला कधी पोचवता आलं नाही. आपल्या गोदावरी-कृष्णा पावसावर चालतात, त्यामुळे बर्फ गेल्याने नदीचं काय होतं हे आपल्या अनुभवात नाही. इथे माझ्या घरच्या नळाला बो नदीचं पाणी येतं. ती बो हिमनदीखालच्या तळ्यातून निघते. कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी वरचा बर्फ त्या नदीला हात देतो.

म्हणून माझं मत : केवळ हिमनदीवर फोटो काढायला पुण्याहून विमानाने येऊ नकोस. त्या प्रवासाचा धूर खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. पण मामाकडे येणारच असशील तर नक्की जा, भरलेल्या छोट्या गाडीतून जा, एकटीसाठी गाडी भाड्याने घेऊ नकोस. वाटेत पीटो लेकशी थांबशील तेव्हा लक्षात ठेव, त्याला पाणी देणाऱ्या पीटो हिमनदीची मोजमापं 1960 च्या दशकापासून चालू आहेत. इतक्या लांबलचक नोंदी जगात थोड्याच हिमनद्यांच्या आहेत. परत गेल्यावर हिमाचलातल्या छोटा शिगरी हिमनदीवरच्या नोंदी वाच. तुझ्या वयाची, खडक ओळखणारी मुलं त्या कामाला हवी आहेत. जाऊन आल्यावर मला लिही, तुझं मत बदललं नाही तरी लिही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाईंचा गुरुवारचा उपास. वाटेत काही मिळेल का? (एक वाचक, कॅलगरी)

भरवशाचं काही नाही. घरून दशम्या, दाण्याचा लाडू, राजगिऱ्याच्या वड्या आणि थर्मासमध्ये चहा न्या. डबा गाडीबाहेर उघडा ठेवू नका, उरलेलं तिथेच टाकू नका. वास अस्वलांना ओढून आणतो आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. अस्वल दिसलंच तर निदान 100 मीटर लांब राहायचं.

प्रश्न : आईला देवघरात ठेवायला हिमनदीजवळचा एक गोटा आणावा असं वाटतं. चालेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही चालणार, दादा. राष्ट्रीय उद्यानातला दगड, फूल, पडलेलं शिंग, काहीही उचलून नेणं कायद्याने मना आहे. आईंना फोटो दाखवा. आणि बॅन्फच्या टपाल कार्यालयातून त्यांच्या नावाने तळ्याचं चित्र असलेलं एक कार्ड टाका. भारतात पोचायला वेळ लागतो, तेव्हा सहलीच्या पहिल्याच दिवशी टाका आणि पत्त्यात पिनकोड ठळक लिहा.