होलोटाइप फोटोत नसतो, स्लाइडवर असतो

गाळाच्या एकाच थरात तुम्हाला एक कोकोलिथ (एकपेशीय समुद्री शैवालाच्या कवचाची चुन्याची सूक्ष्म चकती) सापडला, तो कुठल्याच ज्ञात प्रजातीशी जुळत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो उत्तम आलेत आणि आता नाव द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात खड्डा पडला, कारण माझी सुरुवात अगदी अशीच झाली होती.

नॅनोटॅक्स या कोकोलिथांच्या ऑनलाइन सूचीवर तुलना, मोजमापं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. मला विचारायचंय एवढंच: फोटोतला तो नग आत्ता नेमका कुठे आहे?

मी फोटो काढले, स्टब (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायची छोटी धातूची चकती) डबीत ठेवला आणि लिहायला बसलो. परीक्षकांनी विचारलं, होलोटाइप (नव्या नावाचा टाइप, म्हणजे आधार, म्हणून निवडलेला एकच नमुना) कुठे? मी फोटोकडे बोट दाखवलं. पण वनस्पती-शैवालांच्या नामकरण संहितेत (कोकोलिथ तिच्याच कक्षेत येतात) जीवाश्म प्रजातीचा टाइप म्हणजे प्रत्यक्ष नमुनाच लागतो, चित्र चालत नाही. चित्र हवंच, आणि 2001 पासून त्यातलं एक टाइपचंच आहे हे सांगावंही लागतं. पण ते नमुन्याच्या जोडीला. चार-पाच मायक्रॉनचा कण निर्देशांकांशिवाय (जागा दाखवणाऱ्या आकड्यांशिवाय) अख्ख्या स्टबवर परत शोधून बघा. मी कित्येक आठवडे शोधला. मिळाला नाही. शेवटी दुसरा नग निवडला, सगळे फोटो नव्याने काढले, वर्णनही त्याच्यावरून पुन्हा लिहिलं.

म्हणून फोटो काढतानाच निर्देशांक टिपा. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडसाठी इंग्लंड फाइंडर (क्रमांकित चौकटी कोरलेली काचपट्टी) वापरा. यंत्राच्या स्टेजवरचे आकडे दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी ठरतात. माझं तर ठाम मत आहे की होलोटाइप कायमच्या चिकटवलेल्या स्लाइडवरच असावा आणि त्याचा ध्रुवित प्रकाशातला फोटो हवाच, कारण पुढे तुमची प्रजाती ओळखणारे बहुतेक जण त्याच प्रकाशात बघणार आहेत. काही जाणकारांना हे पटत नाही, तेही लक्षात घ्या.

दुसरा मनस्ताप संग्रहाचा. 1990 पासून टाइप कुठल्या एका संग्रहात ठेवलाय ते लेखात लिहावंच लागतं, आणि माझ्या संपादकांना नोंदणी क्रमांकही हवा होता. मी ज्या संग्रहाकडे गेलो, तिथे दर पत्राला नवा अर्ज मागायचे, आधी पाठवलेला सापडत नाही म्हणायचे. क्रमांक हातात यायला आठ महिने गेले. लेख तयार होता, फक्त त्या एका आकड्यासाठी पडून राहिला. अजूनही आठवलं की संताप होतो. तुम्ही लेख लिहायला घेण्याआधीच संग्रहाशी बोला, आणि स्वीकारल्याचं लेखी घ्या.

मी नामकरणाचा तज्ज्ञ नाही. संहितेची चालू आवृत्ती स्वतः वाचा.

आणखी एक, न विचारता सांगतो. नग एकाच थरातले असतील तर थांबा. कॅल्साइटचा (चुनखडीतल्या खनिजाचा) थर चढलेला किंवा कडा विरघळलेला जुनाच कोकोलिथ हुबेहूब नवा वाटू शकतो. शेजारच्या थरांतल्या ओळखीच्या प्रजातींच्या कडा कशा आहेत? त्यांचे फोटो इथे टाकलेत तर मी नक्की बघेन.